आंजर्ल्याजवळचे घर: रांधा, वाढा, उष्टी काढा, आणि तरीही सुट्टी?

दापोली तालुक्यात आडे आणि आंजर्ले या दोन गावांच्या दरम्यान, समुद्राला समांतर जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, माडपोफळीच्या आगरात एक चिरेबंदी घर भाड्याने मिळते. तिथे जेवण मिळत नाही. एवढे एकच वाक्य सांगितले तरी बहुतेक मराठी माणसे पुढची चौकशी करणार नाहीत, कारण आपल्याकडे किनाऱ्यावर मुक्काम करायचा तो मुळी घरच्या बाईंच्या हातच्या उकडीच्या मोदकांसाठी, सोलकढीसाठी आणि तळलेल्या सुरमईच्या तुकडीसाठी. या घराच्या मालकांनी ही रीत जाणूनबुजून बाजूला ठेवली आहे. नोकरीनिमित्त ते बरीच वर्षे स्वीडनमध्ये गोथेनबर्गला होते. तिकडची माणसे सुट्टीत तळ्याकाठच्या किंवा रानातल्या लहानशा लाकडी घरात जाऊन राहतात, स्वतः रांधतात, स्वतः झाडतात आणि निघताना घर होते तसे लावून किल्ली ठेवून जातात, ही पद्धत त्यांच्या मनात भरली आणि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित आगरात ती रुजवायचे त्यांनी ठरवले. घराला नाव नाही, फाटकावर पाटी नाही. ते ओळखीतून ओळखीच्यांना दिले जाते. माझ्या दिरांच्या एका मित्राकडून कळल्यावर आम्ही तीन पिढ्यांचे कुटुंब डिसेंबरच्या अखेरीस तिथे राहून आलो.

अशा घराची पारख मी एकाच गोष्टीवरून करते. तिथे स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही सुट्टी मिळते का? समुद्र, झाडी आणि मोकळी हवा यांचे आम्हा कोकणात राहणाऱ्यांना फारसे अप्रूप नाही. मात्र घरातल्या एका बाईने आपला ओटा सोडून परगावच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहायचे आणि बाकीच्यांनी झोपाळ्यावर बसून चहाची वाट पाहायची, यालाच सहकुटुंब सहल म्हणण्याची आपली जुनी खोड आहे. स्वतः रांधून राहायचे घर म्हटल्यावर माझ्या मनात पहिली शंका आली ती हीच, आणि म्हणून स्वयंपाकघराबद्दल मी इथे जरा विस्ताराने लिहिणार आहे.

आमच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर मागच्या अंगाला, काळोखे आणि धुराने काजळलेले असे. ओटीवर कोण आले, काय बोलणे चालले आहे, हे आतल्या बाईला हाक मारल्याखेरीज कळत नसे. या घरात स्वयंपाकघर पुढच्या पडवीला लागून आहे आणि मध्ये भिंत नाही. पूर्वेच्या खिडकीखाली लांबलचक ओटा आहे, त्यामुळे एकजण नारळ खवत असताना दुसऱ्याला कांदा चिरता येतो आणि तिसरा कोपराला कोपर न लावता कुकर चढवू शकतो. भांडी, डबे, डाव, झारे सगळे उघड्या फळ्यांवर किंवा खिळ्यांना टांगलेले आहे. ही व्यवस्था मालकांनी तिकडच्या घरांत पाहिली. पाहुणा दर आठवड्याला नवा असतो, तेव्हा प्रत्येक वस्तू शोधल्याशिवाय दिसली पाहिजे, हे त्यामागचे कारण. परिणाम मात्र आपल्याकडे वेगळाच झाला. ‘वहिनी, चहापूड कुठे आहे?’ हा प्रश्न या घरात विचारताच येत नाही, आणि तो विचारता येत नसल्यामुळे आमच्याकडचे दोन पुरुष दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने स्वतःचा चहा स्वतः करू लागले.

विळीचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. ती जुनी, फणसाच्या लाकडाच्या रुंद पाटाची आहे आणि पाटाच्या मध्यभागी बसणाऱ्याच्या गुडघ्याने झिजून आलेला गुळगुळीत खोलगटपणा आहे. पात्याच्या टोकाची खवणी इतकी चांगली राखलेली आहे की करवंटीचा तपकिरी अंश न येता खोबऱ्याचा पांढराशुभ्र चव पडतो. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी ओट्याला चिमट्याने अडकवायची दुसरी खवणीही ठेवली आहे. सुऱ्या मात्र एकजात बोथट होत्या. शेगडीचे बर्नर खाऱ्या हवेने गंजून एका बाजूची ज्योत पिवळी झाली होती आणि तेवढ्या बाजूने भाकरी करपत होती. समुद्रापासून एवढ्या जवळ असे होणारच, परंतु म्हणूनच बर्नर दर हंगामाला बदलायला हवेत. मिक्सर आहे, पण संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हा तो नुसता गुरगुरतो. सासूबाईंनी परसातल्या पाट्या-वरवंट्यावर वाटण वाटून दाखवले, ते हौसेखातर. रोज ते कुणी करावे असे मी म्हणणार नाही.

भिंत नसलेल्या स्वयंपाकघराचा एक तोटा मालकांच्या ध्यानात आधी आला नसावा. उत्तर युरोपातल्या घरात मासा उकडतात, भाजतात, किंवा लोणी घालून भट्टीत ठेवतात. आपल्याकडे बांगडा तव्यावर चरचरला की त्याचा वास उशांच्या अभ्र्यांपर्यंत पोचतो. पुढे त्यांनी मागच्या पडवीत एक मातीची चूल आणि गॅसची एकेरी शेगडी मांडून दिली. मासे तिथेच तळावेत, असे घराच्या वहीत लिहिले आहे. हा उपाय उत्तम आहे, कारण मागच्या पडवीत बसायला चिऱ्याचा कट्टा आहे आणि तळणाऱ्याभोवती आपोआप मंडळी जमतात.

या घरातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे भिंतीतले एक कपाट. नॉर्वेमध्ये 1868 साली स्थापन झालेली पदभ्रमण करणाऱ्यांची एक मोठी संघटना आहे. डोंगरदऱ्यांत तिची पाचशेहून अधिक निवासस्थाने आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी राखणदार नसतो. सभासद सामाईक किल्लीने दार उघडतात, कोठीतले डबाबंद पदार्थ, पीठ, कॉफी लागेल तसे घेतात, काय घेतले ते लिहितात आणि त्याचे पैसे स्वतः होऊन भरतात. मालकांनी हीच व्यवस्था आपल्या चवीने केली आहे. कपाटात तांदूळ, पोहे, कुळथाचे पीठ, तूरडाळ, गोडे तेल, मालवणी मसाला, कोकमाचे आगळ, आंबोशी, सुके बोंबील आणि सोडे ठेवलेले असतात; आतल्या बाजूला दुकानातल्या भावाचा कागद चिकटवलेला आहे आणि दोरीला पेन्सील बांधलेली वही टांगलेली आहे. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर डिसेंबरात काळोख पडतो, गावातली दुकाने लवकर मिटतात, आणि खेडहून घाट उतरून आलेले लोक दमलेले असतात. अशा वेळी कपाटातले कुळथाचे पीठ आणि तांदूळ काढून पिठी-भात करता येणे, आणि त्यासाठी कुणाचे दार वाजवावे न लागणे, ही सोय पंचतारांकित हॉटेलातल्या फळांच्या परडीपेक्षा कितीतरी पटींनी मोलाची आहे. वहीची मागची पाने मी चाळली. लोक प्रामाणिकपणे लिहितात. एका कुटुंबाने तर ‘आंबोशीचे दोनच तुकडे’ अशीही नोंद केलेली आढळली.

ताज्या मासळीसाठी हर्णै. आंजर्ल्याच्या खाडीवरील पुलावरून गाडीने फार वेळ लागत नाही. बंदरावरचा लिलाव प्रसिद्ध आहे आणि तो पाहण्यासारखा आहे, परंतु तिथे घाऊक व्यवहार होतो. चार माणसांपुरती मासळी घ्यायची तर बाजूला बसलेल्या कोळणींकडून वाटा घ्यावा. वाट्याचा भाव ठरल्यावर ‘साफ करून द्या हो मावशी’ म्हटले की थोड्या पैशांत खवले काढून, पोट स्वच्छ करून, तुकड्या पाडून मिळतात. घरातल्या सुऱ्या बोथट आहेत हे लक्षात घेता हे काम तिथेच करून घेणे शहाणपणाचे. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कपाटातल्या सुक्या मासळीवर आणि खाडीतल्या तिसऱ्यांवर भागवावे लागते.

आता साफसफाई, जिच्यावरून या घराची सर्वाधिक निंदा होते. डेन्मार्क किंवा स्वीडनमध्ये भाड्याने घेतलेले सुट्टीचे घर सोडताना एकतर पाहुण्यांनी ते स्वतः पुसून काढायचे असते किंवा सफाईचे वेगळे पैसे भरायचे असतात. चादरी आणि टॉवेलही बहुधा आपले आपण न्यायचे असतात. इथेही तसेच आहे. भांडी घासून ठेवावीत, केर काढावा, ओला कचरा माडाच्या आळ्याजवळच्या खड्ड्यात टाकावा, प्लास्टिक आपल्याबरोबर परत न्यावे, आणि हे करायचे नसेल तर हजार रुपये जादा द्यावेत, असा नियम आहे. ‘भाडे भरून भांडीही आम्हीच घासायची का?’ ही आमच्या सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया होती आणि ती बहुतेकांची असेल. मला हा नियम पटतो. रात्रीचे भाडे साडेतीन हजार आहे आणि त्यात सहा माणसे राहतात, ते परवडते याचे कारण तिथे नोकरचाकर नाहीत. शेजारच्या वाडीतल्या एक वहिनी घराची देखभाल करतात. त्यांना मालक महिन्याचा ठरलेला पगार देतात आणि पाहुण्यांनी त्यांना हाकाहाकी करून चहा, गरम पाणी, लिंबू-मिरची मागू नये, असे वहीत स्पष्ट लिहिले आहे. त्या आल्या तेव्हा पाहुणीसारख्या पडवीत टेकल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, टाकी सकाळीच भरून ठेवा हां, दुपारची लाईट जाते. आणि माडाखाली पोरांना बसू देऊ नका.’

माडाची सूचना हसण्यावारी नेऊ नये. नारळ काढायला पाडेली ठरलेल्या दिवशीच येतो आणि सध्या माडावर चढणारी माणसे मिळणे अवघड झाले आहे, त्यामुळे तयार नारळ आणि वाळलेल्या झावळ्या वर लटकत राहतात. झोपाळा आणि बाके मालकांनी पोफळींच्या बाजूला हलवली आहेत. गाडी लावायची जागा मात्र अजूनही दोन माडांच्या मधोमध आहे, ती बदलली पाहिजे. आगरात मध्येच जे मोकळे आकाश दिसते ते 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाचे काम आहे. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या किनाऱ्यावर त्या वादळाने माडपोफळीच्या बागा आडव्या केल्या; नव्याने लावलेली रोपे आता कुठे हाताला लागण्याएवढी झाली आहेत.

स्वीडनची पद्धत कोकणात आणताना जी गोष्ट येऊच शकत नाही, ती म्हणजे रानात मोकळेपणी फिरण्याचा हक्क. तिकडे जमीन कुणाचीही असो, पिकाची आणि घराच्या अंगणाची हद्द सोडून कुणीही पायी हिंडू शकतो, रानातली बेरी आणि अळंबी तोडू शकतो. नॉर्वेत तर 1957 पासून त्याचा कायदाच आहे आणि तंबू ठोकायचा झाला तर राहत्या घरापासून किमान दीडशे मीटर दूर, एवढी अट आहे. तिथल्या सुट्टीचा निम्मा आनंद या हक्कावर उभा आहे. आपल्याकडे प्रत्येक आगराला गडगा आहे, गडग्याला बेडे, म्हणजे फाटक, आहे आणि बेड्याच्या आतल्या प्रत्येक झाडाला मालक, कित्येकदा भाऊबंदकीमुळे चार मालक आहेत. पडलेला रातांबा उचलला तरी कुणी विचारू शकते. मालकांनी यावर एक साधा तोडगा काढला आहे. घराच्या वहीत त्यांनी हाताने काढलेला नकाशा लावला असून त्यात कोणत्या पाखाडीने उतरावे, कोणत्या वाटेने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाता येते, कोणत्या शेजाऱ्याच्या आवारातून जाण्याची त्यांनी परवानगी घेतली आहे आणि कुठे अजिबात जाऊ नये, हे रंगीत पेन्सिलीने दाखवले आहे. त्या नकाशाच्या आधारे आम्ही सड्यावर गेलो. कड्यावरच्या गणपतीच्या बाजूने पाहिले तर हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग पाण्यात बसलेला दिसतो. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत तो आहे. किनारा मात्र सगळ्यांचा. आड्याच्या बाजूची वाळू लांबच लांब आणि शनिवार-रविवार सोडले तर रिकामी असते. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून पिल्ले समुद्रात सोडली जातात. त्या दिवसांत रात्री वाळूवर विजेऱ्या घेऊन हिंडू नये.

घराच्या बांधणीत मालकांनी बहुतेक ठिकाणी कोकणाचे ऐकले आहे. स्वीडनमधल्या घरांचा तो प्रसिद्ध तांबडा रंग फालून गावच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून होतो. इथे जांभ्याचा चिरा मुळातच तांबडा, तेव्हा त्याला गिलावा न करता तसाच ठेवला आहे. उतरते कौलारू छप्पर, पुढे आलेल्या पागोळ्या आणि खोल पडव्या यांमुळे सकाळी घर गार राहते. मात्र एका बाबतीत त्यांनी तिकडचे जसेच्या तसे उचलले आणि तिथेच घोळ झाला. बैठकीच्या खोलीच्या पश्चिमेला त्यांनी जमिनीपासून आढ्यापर्यंत काच बसवली आहे. ज्या देशात हिवाळ्यात दुपारीच दिवस संपतो, तिथे मिळेल तेवढे ऊन घरात घ्यावे लागते, म्हणून अशी काच शोभते. दापोलीच्या किनाऱ्यावर डिसेंबरातसुद्धा दुपारी तीननंतर ती खोली बसण्याजोगी राहिली नाही. पडदे ओढले की समुद्र दिसत नाही आणि ओढले नाहीत तर पुस्तकाचे पान डोळ्यांना टोचते. काच स्वच्छ ठेवणेही जिकिरीचे, कारण खारट दमट हवेने तिच्यावर रोज पांढुरके सारवण चढते. पाइनच्या लाकडाचे हौसेने बनवून घेतलेले टेबल आणि दोन खुर्च्याही अशाच. त्यांच्या पायांशी भुशाची बारीक रांगोळी पडलेली होती आणि वहिनींच्या सांगण्याप्रमाणे ती रोज झाडली तरी रोज पडते. फणस, शिवण, साग घरच्या मातीत वाढत असताना पाइन कशाला?

संध्याकाळचा वेळ घालवण्याची रीतही इकडे निराळी लागते. गोथेनबर्गला जूनमध्ये रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, तेव्हा जेवण उरकून माणसे तळ्याकाठी बसतात. इथे दिवेलागणीनंतर डासांचे राज्य सुरू होते. पडवीला बारीक जाळी बसवली आहे, दिवे मंद आणि पिवळे आहेत, दूरदर्शन संच नाही, मोबाइलला एकाच कंपनीची रेंज मिळते, तीही विहिरीपाशी उभे राहिल्यावर. मुले पहिल्या संध्याकाळी चिडली, मग कपाटातले पत्ते निघाले. शांततेबद्दल मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. पहाटे कोंबडे, सकाळी पोळपाटाएवढ्या भोंग्यातून वाडीतल्या देवळाचे भजन, दुपारी पंपाची धडधड आणि नाताळच्या सुट्टीत वाळूवर चारचाकी घालणारी उनाड मंडळी हे सगळे ऐकू येते. गोंगाट नको असेल तर 24 डिसेंबर ते 1 जानेवारी हे दिवस टाळावेत. आमच्या मुक्कामाचा शेवट त्याच दिवसांत आला होता.

मूळ प्रश्नाकडे येते. सुट्टी मिळाली का? मला अर्धीअधिक मिळाली. दोन वेळच्या जेवणाचा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न घर बदलले तरी बाईकडेच येतो आणि उघड्या फळ्या त्यावर उपाय करू शकत नाहीत. हाताचे काम मात्र खरोखर वाटले गेले. भांडी दिरांनी घासली, केर मोठ्या मुलीने काढला, तळणीला नवरा बसला आणि त्याचे बांगडे सासूबाईंनी नावे न ठेवता खाल्ले. घरी हे घडत नाही, कारण घरी सगळ्यांना आपापल्या जागा ठाऊक असतात. अनोळखी ओट्यावर कुणाचीच जागा ठरलेली नव्हती. ज्यांच्या घरात स्वयंपाकाला एकच माणूस हात लावतो आणि पुढेही तसेच चालणार आहे, त्यांनी मात्र या घराच्या वाटेला जाऊ नये. हर्णै, मुरूड किंवा आंजर्ले इथे घरगुती जेवण देणारी कितीतरी चांगली घरे आहेत, तिथे त्या माणसाला केळीच्या पानावर आयते बसवावे.

येण्याजाण्याचे सांगायचे तर कोकण रेल्वेने खेड गाठावे, तिथून दापोली सुमारे 30 किलोमीटर आहे आणि दापोलीहून आंजर्ल्याला एस.टी. जाते. वृद्ध माणसे बरोबर असतील तर स्वतःची गाडी किंवा भाड्याची जीप बरी, कारण रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्यांची पाखाडी उतरावी लागते आणि पावसाळ्यात ती शेवाळाने निसरडी होते. मे महिन्यात विहिरीचे पाणी तळाला जाते, तेव्हा आंघोळीला बादलीचे माप येते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात हे दरवर्षी कसे होते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. काचेबद्दल मी मालकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ‘पुढे मांडव घालून झाप टाकतो, नाहीतर पडवीच वाढवतो’ असे सांगितले. त्यामुळे आरक्षण करताना पश्चिमेच्या पडवीचे काम झाले का, एवढे अवश्य विचारावे. झाले असेल तर मार्चपर्यंत केव्हाही जावे. झाले नसेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचेच दिवस घ्यावेत, आणि घरून एक चांगली धार लावलेली सुरी पिशवीत टाकावी.